हरल्यानंतरचं पान

बाई, मागच्या सोमवारी कमिटीनं मला दोन कपाटं रिकामी करायला सांगितली. आपलं मुलुंडचं वाचनालय ज्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे ती पाडून नवी बांधणार आहेत, आणि नव्या इमारतीत आपल्याला मिळणारी जागा आत्ताच्या निम्मी आहे. काहीतरी जाणारच होतं. सध्याचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, माणूस वाईट नाही. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "पुढाऱ्यांची चरित्रं आणि ती 'यशस्वी व्हा'वाली पुस्तकं, ही दोन कपाटं काढून टाकू. चरित्रं पुढारी स्वतःच लिहून घेतात, आणि दुसऱ्या प्रकारात दहा पुस्तकांत मिळून एकच गोष्ट असते. साहित्य ठेवू या ना." मी म्हटलं, हीच दोन कपाटं सगळ्यात जास्त फिरतात. "मग एक पानभर लिहून आणा. लोकांना त्यात नेमकं काय मिळतं ते. पटलं तर ठेवू." ते पान लिहायला बसले आणि तुमच्याशीच बोलत सुटले. पान वेगळं लिहून दिलं. हे कुठं द्यायचं नाही, कुठं पाठवायचं नाही, म्हणून सावकाश लिहितेय.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा नुकतं मराठी घेऊन एम.ए. झाले होते. भांडुपच्या चाळीतली, वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले, आणि घरात पहिलीच एवढी शिकलेली म्हणून डोक्यात भयंकर ऐट. तुम्ही काउंटरमागे लाकडी खुर्चीत बसलेल्या असायच्या. सुती साडी, घट्ट अंबाडा, डाव्या कानानं कमी ऐकू यायचं म्हणून मान जराशी वळवलेली. परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की तुम्ही "आवडलं का?" असं कधी विचारलं नाही. "कुठलं पान आवडलं?" एवढंच. नवा सभासद गोंधळायचा. मग पुस्तक परत मागून घ्यायचा, चाळायचा, आणि एक पान उघडून काउंटरवर ठेवायचा. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. मागे लोक ताटकळत उभे आणि तुम्ही चष्मा लावून त्यांचं पान वाचताय.

पण त्यामुळेच मला हळूहळू दिसायला लागलं. पुढाऱ्याचं चरित्र परत करताना कोणी त्याच्या शपथविधीचं पान दाखवत नसे. एक गुजराती काकू मराठी चरित्रं न्यायच्या, त्यांनी दाखवलेलं पान होतं तुरुंगात मिळालेल्या डाळीचं. "ह्याला डाळीत पाणी किती ते आठवतंय, म्हणजे बाकीचं पण खरं असणार," त्या म्हणाल्या. कोकणातले लोक आधी मागची सूची उघडून आपल्या तालुक्याचं नाव शोधायचे. सापडलं तर पुस्तक घरी, नाही तर परत कपाटात. आणि आपले युनियनचे आजोबा. रस्त्यापलीकडच्या इंजिनिअरिंग कंपनीत ते कितीतरी वर्षं कामगारांचे पुढारी होते, कंपनी बंद झाली तेव्हा शेवटच्या करारावर त्यांचीच सही होती. कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याचं चरित्र आलं की ते घ्यायचे आणि थेट तो निवडणूक हरतो ते पान काढायचे. मी एकदा विचारलं, "आजोबा, पहिल्यापासून का नाही वाचत?" तर म्हणाले, "जिंकल्यावर सगळे सारखेच गं. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस काय करतो, ते बघायचं असतं. तिथं लेखक थापा मारायला लागला, की पुस्तक बंद."

आता त्या माणसाबद्दल लिहायला हवं. मी त्याला मनात इस्त्रीवाले म्हणायची. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, चामड्याची बॅग. वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर उभा असायचा. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, दुपारी बाहेर जाऊन डबा खाऊन यायचा, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला निघायचा. वाचायचा फक्त त्या 'यशस्वी व्हा'वाल्या कपाटातली पुस्तकं. आत्मविश्वास कसा वाढवावा, पहाटे कसं उठावं, संकटाची संधी कशी करावी. तेच पुस्तक तिसऱ्यांदा घरी न्यायला आला तेव्हा तो गेल्यावर मी हसले. म्हटलं, "बाई, एवढं वाचून पण पाठ होत नाही वाटतं." तुम्ही मान वळवलीत. "काय म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं, अजून हसतच. तुम्ही म्हणालात, "आजोबांच्या कंपनीतला आहे तो. कंपनी बंद झाली. घरी ठाऊक नाहीये. आता हस." मी हसले नाही, पण शिकलेही नाही. मला वाटलं, नोकरी शोधायची सोडून हा माणूस पुस्तकं काय वाचत बसलाय. आजोबा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. ते दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलत नसत. करारावरच्या सहीचा राग होता तो, हे मला नंतर कळलं.

तो दिवस मला अजून तसाच्या तसा दिसतो. संध्याकाळचे सहा. तुम्ही पोस्टात गेलायत, मी नव्या पुस्तकांना नंबर चिकटवतेय, हाताला डिंक लागलाय आणि मी वैतागलेय. एक बाई येतात, हातात पिशवी, पिशवीत आपलं पुस्तक. "हे आमच्या ह्यांच्या बॅगेत होतं. तारीख उलटून गेलीय. त्यांना ऑफिसातून यायला उशीर होतो ना, म्हणून मीच आणलं." मी शिक्का बघते, कार्ड काढते आणि मान वर न करता म्हणते, "अहो, मग त्यांच्याकडेच द्यायचं ना. ते तर रोज सकाळपासून इथेच असतात. आत्ताच गेले." नंतर कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं की ते तोंडातून निसटलं. खरं तर निसटताना मला कळत होतं. मला वाटत होतं की कोणीतरी सांगायलाच हवं, आणि मी सांगतेय.

त्या म्हणाल्या, "रोज?"

"तीन-चार महिने तरी."

"कुठं बसतात?"

मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. त्या तिच्याजवळ गेल्या नाहीत. काउंटरपाशी उभ्या राहूनच बघत राहिल्या, मग पिशवीची घडी केली आणि गेल्या. मी पुन्हा नंबर चिकटवायला लागले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात तुम्हाला ते पुस्तक सापडलं. तुम्ही ते उघडून बराच वेळ बघत होता. "हे कोणी आणून दिलं?" मी सांगितलं. "आणि तू काय म्हणालीस?" तेही सांगितलं. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही पुस्तक माझ्याकडे फिरवलंत. तसल्या पुस्तकांत असतं तसं, वाचकानं भरायचं पान होतं. वर छापलेलं, 'या महिन्यात मी करणार असलेली एक अवघड गोष्ट', आणि खाली टिंबांच्या ओळी. पहिल्या ओळीवर पेन्सिलनं, बारीक तिरक्या अक्षरात, 'घरी सांगणे'. पुढे एक तारीख लिहून खोडलेली. दुसरी, तीही खोडलेली. तिसरी येत्या रविवारची होती, ती खोडलेली नव्हती.

"त्याचं एवढं एकच काम होतं गं," तुम्ही म्हणालात. "ते तू करून टाकलंस."

एवढंच. त्यानंतर मला कोणी कितीही बोललं तरी ते तितकं लागलं नाही. मी आत गोडाऊनमध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन चिडून विचारलं, "पण बाई, एवढ्यासाठी पुस्तक कशाला लागतं? त्यात असं काय लिहिलेलं असतं?" तुम्ही म्हणालात, "नवीन काहीच नसतं. ते त्यालाही कळतं. काय करायचं हे माणसाला ठाऊक असतंच. कोणीतरी शेजारी बसून 'आज नाही तर उद्या करशील' असं म्हणणारं लागतं. ते कोणी नसलं की माणूस पुस्तक धरतो. तू त्याला मूर्ख समजलीस." मग मी खोडरबर घेऊन ते पान साफ करायला लागले, तर तुम्ही हात धरलात. "कोणी नाव लिहिलं असेल तर तेवढं खोडायचं. बाकी राहू दे. पुढच्या माणसाला कळतं, आपल्याआधी इथं कोणीतरी अडकलं होतं."

तीन आठवड्यांनी तो आला. इस्त्री नव्हती, बॅग नव्हती, पायात चपला. मी काउंटरच्या बाहेर जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, माझी चूक झाली. तो म्हणाला, "सगळे म्हणतात बरं झालं एकदाचं कळलं. मला नाही तसं वाटत. मी सांगणार होतो." मग म्हणाला, "असू दे. बायको आठ दिवस बोलली नाही, आता बोलते." त्यानं मला माफ केलं असं मी समजले नाही, अजूनही समजत नाही. पण तो खुर्चीत जाऊन बसला, आणि मग जे झालं ते तुम्हीही पाहिलंत. आजोबांनी आपल्या हातातलं चरित्र टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. उघडं, त्यांच्या नेहमीच्या पानावर. "हे वाच आणि खरं वाटतं का सांग." त्याला नाही म्हणता आलं नाही. पुढारी मोठ्या फरकानं हरलेला, आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे उठून, अंघोळ करून, पुन्हा कार्यकर्त्यांत हजर. त्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, "खोटं आहे. हरलेला माणूस एवढ्या लवकर उठत नाही."

आजोबा हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. तुम्ही काउंटरवरून पाणी पाठवलंत. "हेच," ते म्हणाले, "हेच मी म्हणतोय. मी त्या करारावर सही केली ना, त्यानंतर महिनाभर खाटेवरून उठलो नाही. बायको ताट खाटेवर आणून द्यायची. हे कोणी लिहितच नाही रे." तो म्हणाला, "तुम्ही घरी होता? आम्हाला वाटलं तुम्ही गावाला पळालात." आजोबा म्हणाले, "गावाला जायला पण उठावं लागतं." त्या दिवसापासून दोघं शेजारी बसायला लागले. एकानं आत्मविश्वासाची पुस्तकं वाचायची, दुसऱ्यानं पुढाऱ्यांची, आणि अधूनमधून एकमेकांना वाचून दाखवून भांडायचं. इतर वाचक तक्रार करायचे, आणि तुमच्या डाव्या कानाला ती नेमकी ऐकू यायची नाही. काही महिन्यांनी त्याला घाटकोपरच्या एका शाळेत स्टोअर सांभाळायचं काम मिळालं, पगार पूर्वीपेक्षा बराच कमी. शनिवारी यायचा, बायकोही यायची. तिनं मला कधी काही ऐकवलं नाही, पण पुस्तक मात्र नेहमी तुमच्याच हातात द्यायची. आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला तो होता.

तुम्ही निवृत्त होऊन बहिणीकडे बोरिवलीला गेलात आणि खुर्ची मला मिळाली. मी दोनदाच आले तिकडे. दुसऱ्या वेळी तुम्ही मला ओळखलंत, पण मी अजून भांडुपहून चालत येते असं तुम्हाला वाटत होतं, आणि मी तसंच वाटू दिलं.

गेला आठवडाभर मी दोन्ही कपाटांतलं एकेक पुस्तक उतरवून बघितलं. ज्यांत उद्घाटनांच्या फोटोंशिवाय काही नाही, ज्यांची एकमेकांना चिकटलेली पानं कोणी कधी सुटीच केली नाहीत, ती मीच काढून टाकली, अध्यक्षांनी त्यांच्यावर बोट ठेवायच्या आधी. बाकीची ठेवण्यासाठी ते पान लिहिलं. लिहिलं की चरित्रात वाचक मोठा माणूस शोधत नाही, तो कुठं आपल्यासारखा झाला ते शोधतो, आणि तिथं त्याला फसवलं तर लगेच ओळखतो. लिहिलं की दुसऱ्या कपाटात उपदेश असतो पण वाचक त्यासाठी येत नाही. जे त्याला आधीपासून ठाऊक आहे ते करायला धीर मिळावा म्हणून येतो. नव्या जागेत दोन्ही मिळून एक कपाट मंजूर झालं. मला दोन हवी होती, पण एक तरी मिळालं.

अध्यक्षांनी माझं पान सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "फारच सुरेख हो. हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?" सगळे माझ्याकडे बघत होते, बाई, आणि बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझं कौतुक करत होतं.

"अनुभवानं," मी म्हणाले. कोणाच्या, ते सांगितलं नाही.