वायफाय कार्डाची रिकामी जागा

जानेफळ, मंगळवार, दिवेलागण

आज नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवरूनच द्यायची अट. झालीच नाही.

सकाळपासून लॅपटॉपमधल्या लिनक्सला वायफाय कार्ड दिसत नव्हतं. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, पुन्हा टाकला, मशीन बंद करून चालू केलं. बाकी सगळं सापडत होतं, तेवढं कार्ड नाही. मोबाइलचं नेट घ्यावं म्हणून तो केबलनं जोडला तर नुसता चार्ज होत होता. मीच काही बिघडवलं का? आणि दाराबाहेर आबा. कंपनीवाले आपल्यालाही बघतील म्हणून धुतलेला सदरा घालून बसलेले. येईल त्याला हळूच सांगत होते, "आत पोरीची मुलाखत चालू हाये." त्या सदऱ्याकडे मला बघवेना.

वेळ टळून गेल्यावर स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. कार्डाची जागा रिकामी! दोन बारीक वायरी नुसत्या लोंबत होत्या. कालच लॅपटॉपचा पंखा बदलून आणला होता, तेव्हाच कुणीतरी काढून घेतलं असणार. आणि मी नसलेल्या कार्डाचे ड्रायव्हर टाकत बसले. कंपनीला फोन केला. "पुढच्या वर्षी अर्ज करा," म्हणाले.

बाहेर आले तर आबा उभेच.

"झाली का वं माय? काय म्हणले ते?"

"कळवतो म्हणले."

का बोलले मी असं?

"मंग यंदाची पऱ्हाटी शेवटची. बोंडअळीनं तसंही कापसाचं काई ठेवलं नाई. वावर सखारामले बटईनं, अर्ध्या वाट्यावर देऊन टाकतो."

खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर आबा चपला घालून सखारामकाकांना शब्द द्यायला निघालेसुद्धा. अजून आले नाहीत.