करंजीच्या पोटातला कोबी

तीर्थरूप सौ. पंकजाआत्यांस,
तिसगावहून सुकन्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

सर्वप्रथम क्षमा मागते. घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा निर्णय दिल्यावर भाचीने आत्याकडे त्याविरुद्ध लेखी दाद मागावी, हा आगाऊपणा आहे हे मी जाणते. फोन करता आला असता. परंतु आमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवूनच बोलण्याची प्रथा आहे, आणि तुमच्या गुडघ्याचा त्रास आमच्याइतकाच शेजाऱ्यांनाही पाठ झाला आहे. (तो आता कसा आहे? आणि मामांनी साखर खरोखर सोडली आहे, की केवळ तुमच्या समोरची?) म्हणून हे पत्र कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवत आहे. ते कृपया मोठ्याने वाचू नये.

पुण्यातील एका कोशमंडळाने शब्दकोशाच्या कामासाठी सहायक म्हणून माझी निवड केली, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तीन नोव्हेंबरला रुजू व्हायचे आहे. वडील म्हणून दादांनी होकार दिला होता. इतकेच नव्हे, तर पाथर्डीच्या बाजारातून चाकांची बॅगही आणली होती. ती बॅग कालपासून माळ्यावर आहे. दादांनी होकार मागे घेतला आहे, आणि त्याला कारणीभूत झाली आहे एक करंजी. माझ्या आयुष्याचा निकाल एका करंजीवर लागावा, याचा मला किती संताप आला आहे हे लिहू लागले, तर कागद पुरणार नाही.

घडले ते असे. काल धनत्रयोदशीच्या खरेदीसाठी आम्ही सर्व जण नगरला गेलो होतो. खरेदी आटोपल्यावर आबासाहेबकाकांनी घोषणा केली, "लेक आता सायबीन झाली, आज चायनीज खायचं. गाड्यावरचं न्हाई, टेबलावर बसून!" (तिसगावच्या स्टँडवरील गाडा काकांना अपुरा वाटू लागला आहे, ऊस चांगला गेला की त्यांना असे होते.) ज्या उपाहारगृहात त्यांनी आम्हांला नेले, त्याच्या दारावर आग ओकणारा एक प्राणी रंगवलेला होता आणि दिवाळीनिमित्त त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. आईने सवयीने त्यालाही हात जोडले.

आत बसताच 'दिवाळी स्पेशल' म्हणून करंज्यांची बशी समोर आली. मुरड सुबक होती, रंग खरपूस होता. आईने कौतुकाने पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा जो थिजला, तो मी विसरणार नाही. आत नारळ नव्हता, खवा नव्हता, रवासुद्धा नव्हता. आत कोबी होता! तिखट, लाल, मिरपूड घातलेला कोबी! आत्या, करंजी ही काही कोणतीही वस्तू भरून ठेवण्याची पिशवी नव्हे. तिच्यात गोड सारण असते, हे जिच्या घरी पाच पायल्यांचा फराळ होतो अशा बाईला हॉटेलवाल्याने शिकवावे की तिने हॉटेलवाल्याला? आई एवढेच म्हणाली, "सणासुदीला करंजीत कोबी? ह्यांच्या घरात कुनी बाईमानूस हाय का न्हाई?" मला हे रास्त वाटले. मी मात्र (स्वभावानुसार) काही बोलले नाही.

याहून भयंकर प्रकार पुढे घडला. काकांनी चित्रावर बोट ठेवून एक पदार्थ मागवला होता, तो तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत आला आणि दादांच्या पुढ्यात ठेवला गेला. दादा माळकरी, ताटाभोवती पाणी फिरवल्याखेरीज ते घास घेत नाहीत, मग ते लग्नाच्या पंगतीत असोत की बाजार समितीच्या आवारात. त्यांनी डोळे मिटले, ओंजळीत पाणी घेतले आणि शांतपणे तव्याभोवती फिरवले. त्यातले निम्मे तव्यावर पडले. क्षणात असा फूत्कार झाला आणि वाफेचा असा लोट उठला, की दादा कमरेपासून वर दिसेनासे झाले. मागच्या टेबलावरील कुटुंब बशा घेऊन उठले. गल्ल्यावरच्या गृहस्थांना आग लागली असे वाटून त्यांनी मुख्य बटणच बंद केले. अंधारात वाफेच्या आतून दादांचा आवाज आला, "कुनी हालू नका. माझं पानी अर्धंच फिरलंय." आणि व्रत खंडित होऊ नये म्हणून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून फिरवले. (दुसरा लोट पहिल्याहून मोठा होता.)

दिवे आल्यावर गल्ल्यावरचे गृहस्थ दादांना म्हणाले, "बाबा, हे गावाकडचं ताट नाही." वयाने निम्म्या असलेल्या माणसाने माझ्या वडिलांना चार लोकांत असे म्हणावे! मी उठून त्यांना खडसावणार होते. वाक्यही मनात रचून तयार होते, त्यात दोन गौणवाक्ये होती. परंतु ती जुळेपर्यंत गृहस्थ निघून गेले.

येताना जीप करंजी घाटाला लागली (घाटाचे नावही तेच). तेव्हा दादा म्हणाले, "नगरात ही गत, तर पुन्यात काय आसंल? जितं करंजीत कोबी भरत्यात आन् देवाचं पानी फिरवलं तर लाईट बंद करत्यात, तितं माझी लेक ऱ्हायची न्हाई. तिच्यानं एक शब्द बोलवत न्हाई. तितं ही उपाशी मरंल." काका म्हणाले, "व्हय, ती तर तितं तोंड उघडून बोलली बी न्हाई." माझे मौन माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून सादर झाले! पुण्यात वरणभात शिजत नाही काय? चुलीवर केवळ कोबीच चढतो काय? हे सर्व मी विचारले. परंतु ओठ हलवून नव्हे.

तुम्ही भाऊबीजेला येत आहात हे कळून आनंद झाला. कळावे, लोभ आहेच.

तुमची आज्ञांकित,
सुकन्या

ता. क. १ : खरी विनंती आता करते. तुम्ही भाऊबीजेला मागितलेली ओवाळणी दादांनी आजवर नाकारलेली नाही. एका वर्षी तुम्ही तंबाखू मागितली आणि त्यांनी डबी तबकात टाकली, ती पुन्हा हाती घेतली नाही. यंदा साडी घेऊ नका. माझे पुणे मागा.

ता. क. २ : सत्य दडवून न्याय मागणे मला पटत नाही. मी हॉटेलात बोलले नाही, कारण माझे तोंड रिकामे नव्हते. नूडल्स मी तीनदा वाढून घेतल्या. त्या निंद्य करंज्या उरल्या होत्या, त्याही मी रुमालात बांधून आणल्या आणि आज सकाळी माळ्यावर, बॅगेशेजारी बसून संपवल्या. त्या उत्तम होत्या. हे आईला कळू नये.

ता. क. ३ : आई मागे उभी होती. तिने सर्व वाचले आहे. करंज्यांबद्दल नंतर बोलू म्हणाली, आणि तुमच्यासाठी निरोप लिहायला सांगितला, तो शब्दशः देत आहे : "वन्सं, त्यांनी व्हय म्हनंस्तवर तबक खाली ठिवू नका. हात भरून आला तर मी खालून धरते."

पाठवले : रविवार, दि. १९ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३ वाजून ४२ मिनिटे.