कुलूप लावून गेलेल्यांची जनावरं

मी, महादेवी भ्रतार मन्मथप्पा शेटे, वय बहात्तर, राहणार सिरसाळा, तालुका परळी वैजनाथ, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं आलं तर तो दोष दुखण्याचा समजावा, मनाचा नाही. मला कोणी धमकावलेलं नाही आणि गोड बोलूनही कोणी हे लिहून घेतलेलं नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवली आणि पाडव्यापर्यंतची खात्री देता येत नाही म्हणाले. ऊसतोडीला गेलेली आमच्याकडची माणसं पाडव्याच्या आसपास परततात. त्यांची सात कुत्री, दोन मांजरं आणि एक लंगडी शेळी आज माझ्या घरात आहेत. माणसं यायच्या आधी मी गेले तर त्यांचं काय, एवढ्यासाठी हा कागद. बाकीचं ओघाने आलं आहे.

१. माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, पत्र्याची पडवी, मागचं अंगण व त्यातली बोअर, यजमानांनी खरेदीखत करून माझ्या नावे घेतलं होतं. मला मूलबाळ नाही. घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझ्यामागे हे घर परळीच्या सोबती प्राणी आसरा संस्थेला द्यावं. संस्थेने ते विकू नये, गहाण ठेवू नये. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची जनावरं सांभाळावीत. बाकीच्या महिन्यांत आजारी, अपघाती, कोणीही आणावं.

माझा पुतण्या रुद्रप्पा याला हे मी तोंडावर सांगितलेलं आहे. तो म्हणाला, "काकू, घर कुत्र्यायच्या नावावर करता का काय?" मी म्हटलं, कुत्र्यांच्या नाही, कुलूप लावून गेलेल्यांच्या. तो हसला. हसू दे.

२. रस्त्यावरची दुकानाची खोली रुद्रप्पाला द्यावी. तिथे यजमान सरकी पेंड विकायचे. माझं माहेर नेकनूर. वडिलांनी मला दुसरीतून काढलं होतं. मी वाचायला शिकले ती याच दुकानात, पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं लावून, आणि पुढे रद्दीच्या पेपरांवर. यजमान गिऱ्हाइकाला सांगायचे, "थांबा, आमच्या घरच्या मास्तरीणबाईला विचारून सांगतो." ते थट्टा करत, पण विचारत खरं. ते जाऊन दहा वर्षं झाली. दुकानातला लोखंडी तराजू मात्र रुद्रप्पाने घेऊ नये. तो सुग्रीवला द्यावा. औषधाच्या मात्रेसाठी पिल्लांचं वजन त्यावर नेमकं होतं.

३. सुग्रीव म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेला, मलमपट्टी करणारा ड्रेसर. संस्था त्यानेच उभी केली. तो मला अक्का म्हणतो. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी त्याला नेमते. संस्थेत मी कामाला लागले ती २०१९ च्या दुष्काळात, आणि जी चूक केली तीही त्याच वर्षी. ती इथे लिहिली नाही तर पुढची कलमं कोणाला कळणार नाहीत.

त्या साली सोसायटीने गावाबाहेर चारा छावणी काढली. रजिस्टरात मोठ्या जनावरांचा रकाना होता, लहान जनावरांचा होता. कुत्र्याला रकाना नव्हता. माणसं ऊस तोडायला गेलेली, गाईगुरं छावणीत, आणि वस्तीवर राहिली ती दारादारातली कुत्री. मी बादलीभर पाणी आणि भाकरी घेऊन रोज जायचे. जे खरंच बेवारस होतं ते घरी आणून सांभाळायचं, बरं झालं की सुग्रीव त्याला चांगलं घर बघून द्यायचा.

वस्तीच्या टोकाला छबुबाईचं घर. तेव्हा माझी तिची ओळख नव्हती. दाराला कुलूप, उंबऱ्यावर एक जुनं लुगडं, आणि त्यावर बसलेली पिवळी कुत्री. ती पाण्याला उठायची नाही. मी बादली तिच्या तोंडाशी नेली तेव्हा बसल्या जागी प्यायली. मला वाटलं अंगात जोर नाही. लुगडं मला चिंधी वाटली.

तेवढ्यात छावणीला तपासणी येणार असं कळलं. रुद्रप्पा तेव्हा सोसायटीच्या कमिटीवर होता. तपासणीच्या आदल्या दिवशी आसपासची सगळी कुत्री ट्रॅक्टरात भरून लांब सोडायची, असं त्याने ठरवलं. त्याने ते केलंही. त्या ट्रॅक्टरातलं एकही कुत्रं परत आलं नाही. हे मी विसरलेले नाही, आणि दुकानाची खोली दिली म्हणून विसरले असं त्याने समजू नये.

ट्रॅक्टर वस्तीवर जायच्या आत मी गेले. पिवळीच्या गळ्यात दोरी घातली आणि ओढून आणली. ती पायांनी माती धरत होती. लुगडं तिथेच राहिलं. महिनाभर ती माझ्याकडे होती. पडवीत कधी झोपली नाही, फाटकाशी बसायची. मग परळीच्या एका कुटुंबाने तिला मागितलं. माणसं भली होती. संस्थेच्या कागदावर मालकाचा रकाना होता. सुग्रीव म्हणाला, "अक्का, वस्तीवर इचारलं का कुनाला?" मी म्हटलं, वस्तीवर आहे कोण विचारायला? आणि त्या रकान्यात माझ्या हाताने "कोणी नाही" असं लिहिलं.

पाडव्याला छबुबाई आणि तिचा नवरा म्हाळू परतले. ती विचारत विचारत माझ्या दाराशी आली. कुत्रीचं नाव हळदी होतं, हे मला तेव्हा कळलं. लुगडं छबुबाईचं होतं. अंगावरचं न धुता काढून तिने उंबऱ्यावर अंथरलं होतं आणि आम्ही येईपर्यंत इथे बस म्हणून हळदीला सांगितलं होतं. सहा वर्षं दर हंगामाला ती अशीच बसत आली होती. शेजारची म्हातारी तिला तुकडा घालायची. ती म्हातारी त्या साली पौषात वारली होती.

मी सांगितलं, मला वाटलं तुम्ही तिला सोडून गेलात. छबुबाई भांडली नाही. म्हणाली, "माय, दाराला कुलूप हाय म्हंजे आमी परत येनार हाओत. सोडून गेलो असतो तर कुलूप कावून लावलं असतं?"



छबुबाई, म्हाळू आणि मी तसेच परळीला गेलो. हळदी आठ दिवसांपूर्वीच साखळीतून मान काढून निघून गेली होती. त्या घरातल्या बाई रडत होत्या, त्यांचा काही दोष नव्हता. टँकरच्या एका ड्रायव्हरने पिवळी कुत्री रस्त्याच्या कडेने सिरसाळ्याकडे तोंड करून चालताना पाहिली होती. त्यापुढे कोणी पाहिली नाही. सुग्रीवने आणि मी महिनाभर तो रस्ता दोन्ही बाजूंनी धुंडाळला. छबुबाईने त्या उन्हाळ्यात दाराला कडी लावली नाही.

अडीच वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मी गेले की पाठ करून भांडी घासायची. मग एका दिवाळीनंतर एक राखाडी कुत्रं दोरीला धरून स्वतः आली. काखेत लुगड्याचा तुकडा. म्हणाली, "ह्याचं नाव भुऱ्या. ठिवून घ्या. पर कुनाला देऊ नका." बसली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. पुढच्या वर्षी वस्तीवरच्या आणखी चार बायका आल्या. पाणी घेतलं, बसल्या. छबुबाई आता माझ्याशी बोलते, हसते. हळदीचं नाव मात्र आम्ही दोघीही काढत नाही.

४. म्हणून संस्थेला माझ्या अटी. जनावर ठेवून घेताना घरच्या माणसाचा न धुतलेला कपडा सोबत घ्यावा आणि तो धुऊ नये, कितीही वास आला तरी. पडवीच्या भिंतीवर गेरूने लिहावं: जनावराचं नाव, घर कोणाचं, कोण न्यायला येणार. माणूस एका साली आलं नाही तर पुढच्या साली येईल असं धरावं. कुलूप असलेल्या दारचं जनावर कोणालाही, कितीही चांगल्या घरी, दत्तक देऊ नये.

५. जी खरंच कोणाची नाहीत ती मात्र अवश्य द्यावीत, अडवून ठेवू नयेत. घर बघायला जाल तेव्हा तिथे पाणी मागावं. अर्धा पेला प्यावं आणि उरलेलं कुठे जातं ते पाहावं. झाडाला किंवा जनावराच्या भांड्यात गेलं तर घर चांगलं. यंदाही आमच्या विहिरी दिवाळीलाच आटल्या आहेत, त्यामुळे परीक्षा लगेच होते. सुग्रीव या माझ्या पद्धतीला हसतो, पण करतो तेच.

६. माझी पुस्तकं गावच्या वाचनालयाला. लुगडी छबुबाई सोडून वस्तीवरच्या बायकांनी वाटून घ्यावीत. छबुबाईला लुगडं देण्याचा मला अधिकार नाही. तिला शेळी द्यावी, लंगडी नव्हे, ती दुसऱ्याची आहे. माझी स्वतःची काळी.

७. माझी माती आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे करावी. जंगमाला बोलावण्याचा मान रुद्रप्पाचा. त्या दिवशी घराचं फाटक उघडं टाकून माणसं आत-बाहेर करतील, म्हणून एका माणसाने, मी सुग्रीवला सांगते, माझ्याबरोबर न येता फाटकाशी थांबावं. त्याला वाईट वाटेल. तरी थांबावं.

८. शेवटचं. मी पाडव्याआधी गेले तर छबुबाईला फोन करू नये. ती कोयता टाकून निघेल आणि आगाऊ पैसे दिलेला मुकादम त्यांच्या जिवावर उठेल. फड संपवून ती आली, की सरळ इथेच येईल. भुऱ्या आता म्हातारा झाला आहे, त्याला एका डोळ्याने दिसत नाही, पण तिचा पाय तो ओळखतो. मी कुठे आहे असं ती विचारेल. तेव्हा कोणी उत्तर देऊ नये. आधी दोरी तिच्या हातात द्यावी. त्याला तिचं अंग हुंगू द्यावं, त्याचं समाधान होईपर्यंत. माझी बातमी त्यानंतर सांगावी.

हे सर्व मी वाचून पाहिलं, दोन साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

महादेवी मन्मथप्पा शेटे

साक्षीदार:
१. बद्रीनाथ अर्जुनराव काळे, राहणार सिरसाळा. (सही)
२. केसरबाई राधाकिशन मुंडे, राहणार सिरसाळा. (निशाणी अंगठा. मजकूर ऐकला, समजला.)

ठिकाण: सिरसाळा
दिनांक: ९ जानेवारी २०२४