हळदीकुंकू लागलेलं पाकीट

उरण
२० जानेवारी २०२५

ती. वन्संना दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे फोन स्पीकरवर लावूनच बोलतात आणि ही गोष्ट साक्षीच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र.

घोटाळा झालाय. तुमच्या कमळआत्यांच्या स्मृतिकार्यक्रमाची तुम्ही वाटायला पाठवलेली आमंत्रणाची पाकिटं मी साक्षीच्या साखरपुड्याच्या पत्रिकांशेजारीच देवापुढे ठेवली आणि हळदीकुंकू सगळ्यांनाच लावलं. काल तुमच्या भावाने चष्मा न लावता त्यातलं एक उचललं आणि नारळासोबत काशीदला, प्रणयच्या घरी दिलं. व्याह्यांनी चारचौघांत फोडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. 'मानवी लैंगिकतेच्या शास्त्रीय संशोधनाचा पाया घालणाऱ्या' इथवर आले आणि थांबले. नंतर पाकीट बाजूला ठेवलं न् चाय दिली, असं हे सांगतात. चहात साखर होती का विचारलं, तर आठवत नाही म्हणे!

वन्सं, मला झोप नाही. आत्या मिठागरांवर बायकांना नवराबायकोच्या संबंधांविषयी विचारत फिरल्या, म्हणून गावाने त्यांना हळदीला बोलावणं बंद केलं होतं. त्या गेल्या तरी ते बोलणं गेलं नाही. उद्या माझ्या लेकीला तेच ऐकावं लागलं तर? हळदीकुंकू लावून नारळासोबत दिलेलं आमंत्रण परतही मागता येत नाही. निदान कार्यक्रमाच्या फलकावरचा 'लैंगिकता' हा शब्द तरी बदलता येईल का?

लोभ असू द्या, सध्या तो जरा जास्तच लागणार आहे.

तुमची,
दिपाली

अलिबाग
२४ जानेवारी

चि. सौ. दिपालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग जेवण गेलं नाही. आमच्या दत्तूला शाळेतही स्वतःचं दप्तर ओळखता येत नसे.

शब्द बदलणार नाही. 'समाजसेविका' लिहिलं तर सगळे टाळ्या वाजवतील, पण ती आत्या नव्हे. लोक ज्याला पाप किंवा नशीब म्हणायचे, ते तिने अभ्यासाने तपासलं. तिच्या फोटोसमोर नारळ फोडून मोकळं व्हायचं नाही, म्हणून कार्यक्रमानंतर आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई बसणार आहेत. आत्या बसायची तशाच, दार लावून. ज्या बाईला जे विचारायचं ते तिने विचारावं.

पण साक्षी माझीही भाची आहे. भीती मलाही वाटते. काशीदहून वाकडा निरोप आला, तर कळव. कार्यक्रम साखरपुड्यानंतर घेईन, मनाविरुद्ध का होईना.

जीव सांभाळ, आणि भावाला चष्मा लावायला सांग.

तुझी,
प्रणाली

काशीद
२९ जानेवारी

सौ. दिपालीताईंना केसरचा स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. घरात कुजबुज झाली, खोटं कशाला सांगू. प्रणयच्या वडिलांनी पाकीट टीव्हीमागे सारलं. मी ते काढून शेवटपर्यंत, आतल्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंच्या ओळीपर्यंत वाचलं. साखरपुड्याची काळजी करू नका. साक्षी आमचीच आहे.

हळदीकुंकू लावून आलेलं बोलावणं आहे, मला जावंच लागेल, असं मी घरात सांगितलं. साधी छापील पत्रिका असती, तर मला कुणी सोडलं नसतं.

एक विचारते. त्या खोलीतल्या बाई हसणार तर नाहीत ना? माझ्या लग्नाला तीस वर्षं होत आली. इतकी वर्षं एक गोष्ट मनात आहे. आईला विचारता आली नाही, सासूला तर नाहीच. हे विहीण म्हणून लिहीत नाही. वाचून फाडून टाका.

भेटू तेव्हा ओळख दाखवा, पण जास्त बोलू नका.

आपली,
केसर

उरण
१ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

काशीदहून पत्र आलं. काय लिहिलंय ते सांगणार नाही, फाडून टाकलं. साक्षीचं सगळं ठीक आहे. कार्यक्रम पुढे ढकलू नका आणि फलकावरचा तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहा.

खोलीत पहिला नंबर विहीणबाईंचा ठेवा. त्यांना सोबत म्हणून मी बाहेर बसणार आहे, असं यांना सांगितलंय.

दुसरा नंबरही कुणाला देऊ नका. तो कुणाचा हे मात्र विचारू नका.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
दिपाली