थोरलीची परवानगी

मावशी,

आज एका कॉलेजात बोलायला गेले होते. विषय भयकथांतली आणि भुताच्या सिनेमांतली कुटुंबं. माझी जीभ तुला माहीत आहे, तासभर पोरांना हसवलं. या हवेल्यांतल्या बापाला घरात काय चाललंय ते शेवटच्या रिळापर्यंत कळत नाही. दुसरी बायको आली की दुधात काहीतरी कालवणारच. मेलेली पहिली पांढऱ्या साडीत जिन्यावर उभी, घरपट्टी अजून तिच्याच नावावर असल्यासारखी. आणि आईविना पोरगी मात्र निष्पाप. एवढं बोलले आणि पाणी प्यायला थांबले. ती पोरगी मी होते. आणि दुधात तू साखरेशिवाय कधी काही घातलं नाहीस, साखरसुद्धा बेतानंच.

आपलं शहापुरातलं घर दोन खोल्यांचं. एकीत आप्पांचा माग, दुसरीत आपण तिघं. भूत आलं असतं तर त्याला उभं राहायला जागा नव्हती, म्हणून ते तुझ्या गळ्यात बांधलं होतं. मंगळसूत्राशेजारी माझ्या आईचा चांदीचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीला असं अंगावर बाळगायचं आणि नवं काहीही आधी तिला दाखवायचं, अशी रीत. तू रीतीच्या पुढं गेलीस. लुगडं नेसायचं, बांगड्या भरायच्या, शेजारणीच्या बारशाला जायचं, सगळ्याला टाक मुठीत धरून विचारायचीस, "थोरल्या बाई, जाऊ का?" आप्पा मागावरून म्हणायचे, "जित्ती असताना तिनं मला कधी अडवलं न्हाय. तुला कशाला अडवंल?" घरात आईचा फोटो नव्हता. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिचा चेहरा तू बघितलेला नव्हतास आणि मला आठवत नव्हता.

दुपारी तू रहाटावर सुताच्या कांड्या भरायचीस आणि मी वाचनालयातल्या भयकथा तुला वाचून दाखवायची. एकदा तू रहाट थांबवून विचारलंस, "ह्यात एक बी दुसरी बरी न्हाय व्हय गं?" मी म्हटलं, न्हाय. "बरं, वाच. बघू काय करती भवानी."

मग खानापूरकडून तुझा भाऊ आला. मी तेव्हा अकरा वर्षांची. तो चपला न काढता दारातूनच म्हणाला, "आक्का, आईचं काय खरं न्हाय. तुझं नाव घेतीया. चल." आप्पा म्हणाले, "जा, पोरीचं मी बघतो." तुझा हात टाकाकडं गेला. रविवारी तू मला सिनेमाला नेणार होतीस. चौकात महिनाभर त्याचं पोस्टर लागलेलं होतं: मोकळे केस, कोरं कपाळ, हातात मेणबत्ती. तू गेलीस तर रविवार गेला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "मावशी, आई सपनात आलती. म्हणाली, तिला उंबऱ्याभाईर सोडू नको." वाक्य पुस्तकातलं होतं. बोली तेवढी माझी.

तू घाबरशील असं मला वाटलं होतं. तुझा चेहरा उजळला. आठ वर्षं जिला विचारून पाणी प्यायलीस, ती शेवटी काहीतरी बोलली होती. "कशा दिसत होत्या गं?" मी पोस्टर सांगितलं. केस मोकळे, हातात मेणबत्ती.

"कुंकू?"

"न्हवतं."

तू टाक मुठीत घट्ट धरलास. सवाष्ण गेलेल्या बाईच्या कपाळावर कुंकू असणारच, हे मला सुचलंच नव्हतं. खोटं पकडलं जायला एवढं पुरे होतं, पण तू अर्थ वेगळा लावलास. "रुसल्यात माझ्यावर," म्हणालीस आणि भावाला परत लावून दिलंस. जाताना त्यानं माझ्याकडं असं बघितलं की अजून अंगावर येतं. आप्पा माग चालवत होते.

रविवारी तू मला सिनेमाला नेतेस, कारण शब्द दिलेला असतो. दुपारचा खेळ, बायकांची बाकडी. पडद्यावर जिना येतो, जिन्यावर ती येते, मोकळ्या केसांची, कोऱ्या कपाळाची, हातात मेणबत्ती. तू माझ्या कानाशी येऊन विचारतेस, "ह्याच व्हय?" मी काही बोलत नाही. तिथंच तुला सगळं कळतं. त्यानंतर तू पडद्याकडं बघत नाहीस.

सोमवारी पहिल्या गाडीनं तू गेलीस, टाकाला न विचारता. तुझ्या आईला शनिवारीच स्मशानात पोचवलं होतं. दिवस करून तू परत आलीस, आप्पांना एक शब्द सांगितला नाहीस, रहाटाशी बसलीस. मी पुस्तक उघडलं तर म्हणालीस, "आता वाचू नको गं. शेवटाला काय हुतंय ते कळलं मला." जन्मात तू माझ्यावर रागावलीस ती एवढीच. थोबाडीत मारली असतीस तर मी आज बरी बाई असते.

ऐंशीच्या दशकात तू बेळगावच्या दवाखान्यात अठरा दिवस पडून होतीस. मी तोवर पेपरात लिहायला लागले होते, कुणालाही काहीही बोलायला भीत नव्हते. रोज संध्याकाळी ठरवून यायची की आज सांगायचं, आणि रोज तुला कुठल्यातरी पुढाऱ्याची नक्कल करून दाखवायची. तू खोकला येईपर्यंत हसायचीस. एकोणिसाव्या दिवशी खाट रिकामी होती.

हे वहीतच राहील. तुला अक्षर येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला तू मला बंदी केलीस.

एक मात्र राहिलं. त्या दुपारी सिनेमा संपेपर्यंत तू माझ्याकडं बघत होतीस, ते मला कळत होतं. मी मान वळवली नाही. सिनेमा रंगात आला होता.