पूप्पदीच्या आधी मुंडासं

अय्या उंडु! अय्या आहेतच!

तीर्थरूप सेल्लत्तायी अक्कास धाकट्या पोन्नुलिंगमचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्यांचं विचारू नकोस, मी उठायच्या आधी तेच बोलतात.

आपल्यात पुरुषानं मुंडासं बांधूनच देवळात मूर्तीच्या जागी असलेल्या आरशापुढे उभं राहायचं, हे तुला काय सांगू? पण माझं मुंडासं बेचाळीस वर्षं रासम्मा बांधत आली, ही घरातली गोष्ट. मागच्या महिन्यात ती फणकारली, "आपल्या पणजोबांना मुंडासं बांधायची बंदी होती, म्हणून अय्या वैकुंडरांनी ते बांधायला लावलं. आणि तुम्ही बायकोपुढे डोकं धरून बसता!" मला झोंबलं. तिथल्या तिथे सांगून टाकलं, अय्यांच्या पाचही पदींचं, पाचही देवळांचं दर्शन घेईन, दर वेळी मुंडासं स्वतःच्या हातानं नव्यानं बांधून. शेवटची पूप्पदी येत्या रविवारी.

स्वामीतोप्पूला विहिरीवर आंघोळ करून बांधलं, ते मी वाकताच पुढच्या माणसाच्या पाठीवर. (बाहेर येऊन पुन्हा बांधलं, पुन्हा रांगेत. मी हटणारा नव्हे.) अंबलप्पदीला ते डोळ्यांवर उतरलं. कपाळी नाम लावणारा सेवेकरी म्हणाला, "अण्णाची, आरशात काय दिसतंय?" म्हटलं, "काळोख." "मग मुंडासं वर घ्या, आत देव आहे की नाही तेवढं तरी बघा!" मुट्टप्पदीला ते समुद्रवाऱ्यानं नेलं. कोळणींनी आणून दिलं, वर म्हणाल्या, "दादा, उद्या डोकं उडालं तर तेही आणू हो!" तामरैक्कुळमला मात्र मी शक्कल लढवली. बत्तीस वर्षं ताडावर नीरेची मडकी बांधली, तीच गाठ डोक्यावर मारली. मुंडासं तसूभर हललं नाही. आरशात मी ताठ उभा!

आता पूप्पदी. तीही होणार म्हणजे होणार.

तुझा,
पोन्नुलिंगम

ता. क. गाठ सुटत नाही. आज चौथा दिवस. रासम्माला वाटतंय माझी भक्ती वाढली. शेजारीण तर पाया पडून गेली. आप्पांचं उपरणं आहे, कात्री लावणार नाही. आणि जुन्याच गाठीवर पूप्पदीला गेलो तर शब्द खोटा पडेल. आप्पांच्या मडक्यांच्या गाठी दातांनी सोडणारी घरात एकटी तूच होतीस. (दात शाबूत आहेत ना?) शनिवारच्या आत ये.

आणखी एक. स्वतःच्या हातानं बांधायचं, एवढंच मी बोललोय. सोडायचं कुणाच्या दातांनी, यावर रासम्माशी बोलणं झालेलं नाही.