व्हीलचेअरवरून मोजलेलं आवार

प्रिय दादा,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझं अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितोय. आपल्याला हॉस्पिटलच्या डांबरीकरणाचं काम मिळालं. हो, तेच, हमरस्त्याला लागून असलेलं. सगळं पार्किंग, आतले रस्ते, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट. आणि ते मी नाही मिळवलं. आईने मिळवलं.

आपल्याला माहीत असलेली आई म्हणजे ऑफिसात फोन उचलणारी आणि माणसांच्या हजेऱ्या लिहिणारी. कोटेशन भरणं, साहेबलोकांना भेटणं हे माझं खातं. बाबा गेल्यापासून मी नऊ मोठ्या कामांमागे धावलो, गोदामं काय, शाळा काय, आणि नऊच्या नऊ हातची गेली. मोठ्या कंपन्यांची माणसं चकचकीत फायली घेऊन येतात. आपल्याकडे डांबर अंथरणारं एक मशीन, दोन रोलर आणि माझा घामेजलेला चेहरा. खरं सांगतो, मी पार हात टेकले होते. हॉस्पिटलच्या जागेची पाहणी होती त्या सकाळी मी जाणारसुद्धा नव्हतो. आईच पर्स घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "मला नुसतं बघू दे. मी एका बाजूला गप्प बसते."

गप्प कसली बसते! बाकीचे कंत्राटदार टेप लावून लांबीरुंदी घेत होते, मीही घेत होतो, आणि आई गायब. मला वाटलं, सावलीत टेकली असेल. तर ती आतून एका नर्सकडून व्हीलचेअर मागून घेऊन आली, फाटकापाशी त्यात बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "चल, ढकल." चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ढकलली. दादा, मी पंचवीस वर्षं डांबर अंथरतोय, पण रस्ता असा माझ्या हातांतून खांद्यापर्यंत कधी चढला नव्हता. जुन्या ठिगळांचे सांधे, खचलेलं गटाराचं झाकण. तातडीच्या विभागापुढचा उतार तर असा, की खुर्ची आपोआप नालीकडे ओढली जाते; मला सगळा भार टाकून ती सरळ धरावी लागली. प्रत्येक गचक्याला आई हळूच "इथे" म्हणायची आणि मी खडूने खूण करायचो. फाटकापासून दारापर्यंत सतरा खुणा झाल्या. हे तुला सुचलं कसं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तीस वर्षं फोन मीच उचलते ना? किती जाडीचा थर टाकला, हे मला एकाने कधी विचारलं नाही. म्हातारी अडखळली, बाळाची गाडी अडकली, हेच सांगतात. लोक रस्त्याबद्दल बोलतच नाहीत रे, आपल्या माणसाबद्दल बोलतात."

मग मीटिंग. समोर व्यवस्थापक, त्यांचा इंजिनिअर आणि मोठ्या नर्सबाई. मी कागद चाळत चाचरत होतो, तेवढ्यात आईने व्यवस्थापकांना विचारलं, पाच मिनिटं खाली येता का? आले बिचारे. तिने त्यांना त्याच खुर्चीत बसवलं आणि नर्सबाईंनी ढकललं. गटाराच्या झाकणावर साहेबांचा टाय उडून खांद्यावर गेला आणि त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आमचे पेशंट टाके घेऊन बसतात यात." साहेब टाय सरळ करत उठले. मग आईने सांगितलं, आधी झाकणं आणि उतार सुधारू, वरचा थर मागून. एका वेळी अर्धीच रुंदी करू, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सची वाट एक तासही बंद राहणार नाही. दादा, हे सगळं मी ड्रायव्हरांशी बडबडताना तिने कधी ऐकून ठेवलं, देव जाणे! इंजिनिअर म्हणाला, तुमचा दर इतरांपेक्षा जास्त आहे. आई शांतपणे म्हणाली, "आहे. कमी करता येईल. मग या सतरांतल्या कुठल्या जागा तशाच ठेवायच्या, ते तुम्ही सांगा." आणि मी, एवढा बाप्या, तोंड उघडं टाकून आपल्या आईकडे बघत होतो. इतकी वर्षं त्या टेबलामागे हे कोण बसलं होतं?

शुक्रवारी पत्र आलं. हॉस्पिटल, त्यांचे दोन दवाखाने आणि तीन वर्षांची देखभाल. आईने ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि वाजणारा फोन उचलला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या महिन्यात तुला एक जाड पाकीट पाठवलं होतं. आपली कंपनी विकण्याचे कागद, माझी सही केलेले, तुझ्या सहीसाठी. आईला त्यातलं काही ठाऊक नाही. तू ते अजून परत पाठवले नाहीस, बोलतानाही कधी विषय काढला नाहीस, हे तुझे उपकार मी विसरणार नाही. फाडून टाक ते. आणि एवढं कर, तिला कधीही कळू देऊ नकोस, की त्या सकाळी ती खुर्चीत बसली आणि मला ढकल म्हणाली, तेव्हा मी आदल्याच दिवशी ते पाकीट टपालात टाकून आलो होतो.

तुझाच,
धाकटा